फरकाचा रकाना

शनिवारी पहिली पाळी संपवून सहदेव चारच्या सुमाराला घरी आला. चपला काढता काढता त्याने शर्टाच्या खिशातून घडी घातलेली एक चिठ्ठी काढली, तांदूळ निवडत बसलेल्या आईच्या सुपाशेजारी टाकली आणि म्हणाला, "बघ आये, वजन वाढलंय माझं. तीन किलो चारशे." आईने सुपावरची नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं, गळ्यापासून पायापर्यंत, बाजारात मासळी बघते तसं. "खंय वाढला रे ता? माका तर दिसना नाय," ती म्हणाली, आणि चिठ्ठी न उघडताच सुलक्षणाकडे सरकवली. "वाच गे." मोरीच्या पडद्याआड प्रेमावहिनी नवऱ्याला तोंड धुण्यासाठी बादलीत पाणी ओतत होती, ती मधेच थांबली. सुलक्षणाने चिठ्ठी उघडली. टोकन नंबर २३१७. वजन ४९.२. फरक ३.४. शेरा : ठीक. ती वाचायला एक क्षण पुरे होता, पण ती बघतच राहिली, कारण ही चौकट तिच्या ओळखीची होती. तारखेच्या आधी सोडलेल्या दोन मोकळ्या जागा, डावीकडे टोकन, उजवीकडे फरक, फरकासाठी छापलेली तीन घरं आणि दुसऱ्या-तिसऱ्या घराच्या मधे आधीच छापून ठेवलेलं टिंब. या घरांत प्रत्येक आकडा तिने स्वतः मोजून बसवला होता. मार्च महिन्यात, मरोळला, कॉम्प्युटर सेंटरमध्ये. "काय म्हणता ता?" आईने विचारलं. "बरोबर आहे. तीन किलो चारशे," सुलक्षणा म्हणाली. चिठ्ठी तिने पुन्हा होती तशीच घडी घातली, आणि घडी घालताना तिच्या लक्षात आलं की आपण आईला खोटं सांगितलेलं नाही. आकडा तोच होता. फक्त त्याच्यापुढचं वजाचं चिन्ह गेलं होतं.

सहदेव भिंतीला टेकून बसला. प्रेमाने चहा आणला. कप घ्यायला त्याने उजवा हात पुढे केला आणि मग, जणू सहजच, डावा हातही खाली धरला. हे तो किती दिवस करत होता? सुलक्षणाला आठवेना. मुलुंडच्या या दोन खोल्यांत ती जन्मापासून राहत होती, अठ्ठावीस वर्षं, आणि त्यातली गेली आठ वर्षं, गिरणीतून आलेल्या बापाच्या जागी भांडुपच्या बॅटरीच्या कारखान्यातून आलेला भाऊ ती रोज बघत होती. रोज बघितलेल्या माणसात फरक कळत नाही. शर्ट ढगळ झाला की वहिनी बाजूने टाके मारून तो आत घेत होती. पट्ट्याला नवं भोक पडलं होतं, ते दाभणाने पाडताना सुलक्षणाने पाहिलंही होतं, पण माणूस पट्ट्याला भोक पाडतो यात बघण्यासारखं काय असतं. तो पोट धरून पालथा झोपायचा, त्याला आई वात म्हणायची. पाणीसुद्धा पितळेच्या भांड्यातलं लागतं, म्हणायचा, स्टीलच्या पेल्यातून प्यायला तरी. कारखान्यात भट्टीवरच्या माणसांना रोज पाव लिटर दूध आणि गुळाचा खडा मिळतो, हे तो घरात कौतुकाने सांगायचा, आणि सगळ्यांना ते कौतुकच वाटायचं. दूध आणि गूळ कशावर उतारा म्हणून देतात हे कुणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही, आणि ती तर घरातली शिकलेली, तिच्या फीसाठी सहदेवने दोन वर्षं डबल पाळ्या केल्या होत्या. भट्टीत शिसं वितळवतात, त्याच्या जाळ्या ओततात, एवढं तिला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि ते डोक्यात येणं यांत इतकं अंतर असतं, हे तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळत होतं, आणि चहा निवून त्यावर साय धरली तरी तिने तो प्यायला नव्हता.

मार्चमध्ये घडलं होतं ते इतकं साधं होतं, की आठवताना तिला त्याचा राग येई. फोर्टमधली एक संस्था अकरा कारखान्यांतल्या कामगारांची आरोग्यतपासणी करायची. त्यांचे कागद मशीनसाठी सेंटरवर पंच व्हायला यायचे, नावं नाहीत, फक्त टोकन नंबर, खात्याचा क्रमांक, मागचं वजन, आताचं वजन. कारखान्यांनासुद्धा क्रमांकच होते. सात नंबर म्हणजे भांडुप हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. तिचं काम आताच्या वजनातून मागचं वजन वजा करायचं आणि फरक छापायचा. पहिला गठ्ठा छापून आला तेव्हा मशीनरूममधला ऑपरेटर अंबादास तो हातात घेऊन हसत हसत काचेबाहेर आला. "सुलक्षणा, तुझी माणसं बघ. हा बाबा शून्य तीन एम किलोने वाढलाय. हा शून्य एक सी. कुणाच्या वजनात नुसता महिरपी कंस आलाय." ती पण हसली होती. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. मशीन प्रत्येक आकडा स्वतंत्र जागेत ठेवतं. जागेच्या खालच्या अर्ध्यात आकडा, वरच्या अर्ध्यात एक ठरलेली खूण. शेवटच्या आकड्यावर मात्र ती खूण बदलते, तिथे अधिक की वजा ते लपवलेलं असतं. वेगळी जागा लागत नाही. आतल्या आत हिशोब अगदी चोख चालतो, पण तसाच उचलून कागदावर छापला तर शेवटचा आकडा अक्षर होऊन बाहेर येतो. अधिक तीन असेल तर सी. वजा चार असेल तर एम. छापण्याआधी तो नीट रूपात मांडून घ्यायचा असतो, चिन्हासाठी एक वेगळी जागा सोडून. हे तिला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. पण कागदावर घरं तीनच होती. संस्थेने वीस हजार चिठ्ठ्या आधीच छापून घेतल्या होत्या. सेंटरचे हळदणकर साहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणाले होते, "आकड्यांच्या रकान्यात एबीसीडी कशाला? क्लायंट काय म्हणेल? काढून टाक ती अक्षरं." संस्थेचा माणूस गठ्ठे न्यायला येऊन स्टुलावर बसला होता. मशीनवरची त्यांची वेळ सहाला संपत होती. तिने एक ओळ बदलली. चिन्ह असलेला आकडा चिन्ह नसलेल्या जागेत हलवला. प्रोग्रॅमची भाषा कोबोल; ती अशा वेळी तक्रार करत नाही, चिन्ह निमूटपणे टाकून देते. अक्षरं गेली. अंक स्वच्छ आले, तीन घरांत तीन, टिंबाच्या दोन्ही बाजूंना. आणि ती ओळ लिहिताना तिला ते कळलं होतं, हेच आता टोचत होतं. तासाभराने नाही, लिहितानाच. वजाचे अधिक होतील, हा विचार मनात येऊन गेला होता, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, की मागचं वजन संस्थेकडे आहेच, कुणीतरी ताडून बघेल. तो कुणीतरी कोण, हे तिने ठरवलं नव्हतं.

सोमवारी तिने अंबादासला मार्चच्या त्या वजनांची टेप चढवायला सांगितली. "कुठल्या कामाखाली?" त्याने विचारलं. "टेस्टिंग," ती म्हणाली. तो तिच्याकडे एकदा बघून आत गेला. अंबादास घाटकोपरचा, बाप महापालिकेच्या कचरागाडीवर देवनारला जायचा. घरात पहिला पँट घालून कामाला जाणारा मी, असं तो स्वतःच सांगायचा. त्याला फार विचारायची सवय नव्हती, पण समजायचं सगळं. या वेळी तिने चिन्हासाठी जागा सोडली होती. मशीनरूममध्ये बारा महिने थंडी असायची, खिडकी नव्हती, बाहेर ऊन आहे की अंधार ते घड्याळात बघून ठरवायचं. प्रिंटरचा कर्कश आवाज चालू झाला आणि कागदाच्या घड्या पडायला लागल्या. सात नंबरचा कारखाना, चार नंबरचं खातं. दोनशे बारा टोकनं. ती बोट ठेवून मोजत गेली. एकशे सत्त्याऐंशी जणांपुढे वजा. २३१७ : वजा ३.४. इतर खात्यांत कुठे अधिक, कुठे वजा, माणसांची असतात तशी वजनं होती. या एका खात्यात मात्र पानामागून पान माणसं कमी होत गेली होती. "हे कोण लोक?" अंबादासने खांद्यावरून बघत विचारलं. "त्यातला एक माझा भाऊ," ती म्हणाली. मशीनची घरघर चालूच होती. अंबादास म्हणाला, "साहेबांना सांग. आजच सांग. उद्यावर टाकलंस तर तू नाही सांगणार."

हळदणकर वाईट माणूस नव्हते. सगळं ऐकून घेतलं, कागद बघितला, बराच वेळ बघितला. मग उठून केबिनचं दार लावून आले. "कुणी तक्रार केली?" "नाही." "संस्थेने?" "नाही." "कारखान्याने?" "नाही सर." "दीड महिना झाला. वीस हजार चिठ्ठ्या वाटल्या. वीस हजारांतून एक माणूस म्हणाला नाही की माझं वजन चुकलंय?" हाच प्रश्न तिलाही शनिवारपासून छळत होता. ते म्हणाले, आता कळवलं तर संस्था काम काढून घेईल, सेंटरमध्ये चाळीस माणसं आहेत. पुढची तपासणी ऑक्टोबरात, सहा महिन्यांवर. "तोपर्यंत मी त्यांना नवे फॉर्म छापायला लावतो, चार घरांचे. हा माझा शब्द. तू तेव्हा बरोबर छाप." ती उठली नाही म्हणून ते हळू आवाजात म्हणाले, "भावाला डॉक्टरकडे ने ना. त्याला कागद कशाला पाहिजे?"

ते खरं होतं, म्हणून ती पुढच्या रविवारी सहदेवबरोबर बाजारात गेली. एरवी ती जात नसे. त्याने बांगडे घेतले, पिशवी डाव्या हातात धरली. परतताना ती चढणीपाशी थांबली आणि तिने सांगून टाकलं, चिठ्ठी कुठे छापली, कुणी छापली, वजा कसा गेला, सगळं. तिला वाटलं होतं तो चिडेल. तो हसला. आधी नुसता चेहऱ्याने, मग पोट हलेपर्यंत, आणि मग पोट दुखून वाकला. "म्हणजे ती तू होय," तो म्हणाला. "आणि आम्ही भट्टीवर मशीनला नारळ फोडायचा म्हणत होतो."

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्या खात्याला ठाऊक आहे गं. गेल्या खेपेला मी बावन्न किलो सहाशे होतो. मला काय वजाबाकी येत नाही?" चढण चढताना त्याला दम लागत होता, तो शब्द तोडून बोलत होता. "पूर्वी डॉक्टर हाताने लिहायचा. आमच्यातल्या लवूला लिहिलं लाल पेनने, पाच किलो कमी. मॅनेजर म्हणाला, तुला विश्रांतीची गरज आहे. दोन वर्षं झाली, विश्रांतीच घेतोय. गेटवर चण्याची टोपली घेऊन बसतो. त्याच्या जागेवर गावाकडचा नवा पोरगा घेतला, सहा महिन्यांनी त्यालाही बदललं. म्हणून आम्ही मार्चमध्ये खिशात नटबोल्ट भरून काट्यावर उभे राहिलो होतो. तरी कमीच भरलो. आणि चिठ्ठी आली तर वाढ." तो पुन्हा हसला. "तू वाचवलंस, सुलू. न बघता वाचवलंस."

"दादा, तू इस्पितळात चल. महापालिकेच्या. मी रजा काढते."

"ते कुठे काम करतोस विचारतात. मग कारखान्याला पत्र जातं." तो थांबला, पिशवी खाली ठेवली. "हे बघ. ऑक्टोबरात पण असंच छाप. माझी शपथ आहे तुला. सगळ्यांचं जमत नसेल तर निदान माझं."

पिशवी तिने उचलली आणि दोघं घरी आले.

त्यानंतरचे महिने तिला नंतर कधी नीट आठवले नाहीत, म्हणजे दिवस असे वेगळे काढता आले नाहीत. पाऊस येऊन गेला, गणपती झाले, प्रेमाने सहदेवच्या शर्टांना पुन्हा टाके मारले. सुलक्षणा ताटावर बसली की त्याचे घास मोजायची आणि आपण मोजतोय हे कळलं की खाली बघायची. घरात काही बोलायची सोय नव्हती. आईला सांगावं तर ती रात्रंदिवस देवाला गाऱ्हाणं घालणार. वहिनीला सगळं माहीत होतंच, तिच्या टाक्यांवरून ते दिसत होतं, पण ती नवऱ्याच्या बाजूने गप्प होती. अशी चौघं दोन खोल्यांत एकमेकांना सांभाळून वावरत. सेंटरवर काचेआड बसलं की तिला बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्याची शरम वाटायची. सहदेवच्या मनगटातून जोर जात चालला होता. एकदा अंघोळीचा तांब्या त्याच्या हातून निसटला आणि त्याचा आवाज विरेपर्यंत घरातलं कुणीही हललं नाही, जणू हलणाऱ्याला काहीतरी विचारावं लागलं असतं. खरं छापलं तर भट्टीवरून घरी. खोटं छापलं तर भट्टी. यातून तिसरी वाट ती इतक्या वेळा शोधून आली, की शोधणं हाच तिचा दिनक्रम झाला, आणि मरोळच्या बसथांब्यावर उभी असताना कुणी धक्का दिला तरी तिला आपण कुठे उभ्या आहोत हे आठवायला वेळ लागे.

ऑक्टोबरात नवे फॉर्म आले. हळदणकरांनी शब्द पाळला होता. फरकाच्या रकान्यात चार घरं, पहिलं चिन्हासाठी. "आता तुझ्या मनासारखं," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच बरं वाटत होतं. तिने प्रोग्रॅम दुरुस्त केला, कुठेही अक्षर नाही, वजा जिथल्या तिथे. चाचणीचा कागद निघाला. २३१७ : वजन ४६.९, फरक वजा २.३. दुपार होती, सगळे जेवायला गेले होते. ती पडद्यासमोर बसून राहिली. सहा महिने जे ओढत आणलं होतं ते आता या टेबलावर येऊन थांबलं होतं आणि मागे-पुढे जायला जागा नव्हती. मग तिने दोन ओळी घातल्या. टोकन २३१७ असेल, कारखाना सात असेल, तर फरक चिन्हाशिवाय घे. बाकीच्यांचं बरोबर, एकाचं चूक. मार्चमधली ओळ घाईची होती, ही तशी नव्हती, एवढं तिला स्पष्ट कळत होतं. संध्याकाळी अंबादासने प्रोग्रॅमचा कागद फाइलला लावताना त्या दोन ओळींवर बोट ठेवलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कागद फाइलला लावला.

पुढे झालं ते कुणाच्याच अंदाजात नव्हतं. भट्टीच्या खात्यात एकशे नव्वद चिठ्ठ्यांवर वजा आला. एकट्या लवूला घरी बसवता आलं होतं. एकशे नव्वद जणांना बसवायचं तर भट्टीच विझवावी लागली असती. वजा बघून पहिल्यांदा कुणीतरी आपली चिठ्ठी शेजाऱ्याला दाखवली असेल, शेजाऱ्याने आपली. युनियनचा दादू म्हणून एक म्हातारा कामगार होता, त्याने जेवणाच्या सुट्टीत सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून दोऱ्यात ओवल्या आणि ती माळ घेऊन सरकारी निरीक्षकाच्या टेबलावर नेऊन ठेवली. आठवड्याभरात निरीक्षक आला. वजा असलेल्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं, रक्तात शिसं जास्त निघालं की भट्टीवरून काढून दुसऱ्या खात्यात घालायचं, औषधपाणी कारखान्याचं, नोकरीला धक्का नाही, असं लिहून घेतलं गेलं. सुलक्षणाला हे सगळं प्रेमाने सांगितलं, मोरीत भांडी घासता घासता, पाठमोरी राहून. सहदेवने घरात एक शब्द काढला नव्हता.

"आणि दादा?"

"त्यांच्या चिठ्ठीवर वाढ आहे ना," प्रेमा म्हणाली. "ते भट्टीवरच आहेत. नव्या पोरांबरोबर." तिने एक पातेलं पालथं घातलं. "लोक त्यांना साहेबांचा माणूस म्हणायला लागलेत. म्हणतात, सगळ्या जुन्यांत हाच कसा गुटगुटीत."

"मग त्याने सांगायचं ना, की चिठ्ठी चुकलीय. रजिस्टरात दोन्ही वजनं आहेत."

"मी पण तेच म्हटलं, सुलूताई." प्रेमा आता तिच्याकडे वळली, हाताला राख तशीच. "ते म्हणाले, एकट्याचीच कशी चुकली असं विचारतील. मग शोधत शोधत मरोळला जातील. म्हणाले, सुलूचं नाव आलं तर मला शिसं परवडलं."

सुलक्षणाने पालथं घातलेलं पातेलं उचललं आणि पुसायला घेतलं. आपण त्याला वाचवायला म्हणून जिथे बंद केलं तिथे तो आता आपल्याला वाचवायला म्हणून बसला होता, आणि दार दोघांच्याही बाजूने लावलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी हळदणकरांच्या केबिनमध्ये तिने त्या दोन ओळी त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी त्या दोनदा वाचल्या. या वेळी ते दार लावायला उठले नाहीत. "मशीनची चूक म्हणू," शेवटी ते म्हणाले. "असं होतं कधीकधी. मी पत्र देतो, एका टोकनाच्या बाबतीत मशीनने चुकीचं छापलं. तुझं नाव कुठे यायला नको."

"मशीनने एक चूक केली म्हटलं, की त्यांचा मॅनेजर म्हणेल सगळीच यादी चुकीची आहे. सर, एकशे नव्वद माणसं आहेत. मशीन चुकलेलं नाही. मी चुकवलं, एकाच्या बाबतीत, मुद्दाम. तसंच लिहावं लागेल. आणि मार्चचंही."

"मार्चचं नको," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदा भीती होती. "मार्चमध्ये मीही होतो."

"अक्षरं काढायला तुम्ही सांगितलंत. वजा मी काढला." ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला जाणवलं की हे आपण त्यांना सोडवायला म्हणत नाही आहोत. ते तसंच होतं म्हणून म्हणतोय. त्यांनी पेपरवेट उचलून कोरे कागद तिच्याकडे सरकवले. मग म्हणाले, "लिहून दे. पण राजीनामा आधी दे, म्हणजे जाणाऱ्या माणसाने लिहिलं असं होईल. एवढं माझ्यासाठी कर." तिने दोन्ही कागद तिथेच बसून लिहिले. बाहेर अंबादासने तिची टेबलावरची पुस्तकं एका खोक्यात भरून ठेवली होती, कुणी न सांगता. "प्रोग्रॅमचा कागद लागेल तुला, त्या दोन ओळींसकट," तो म्हणाला. "त्याशिवाय कोण विश्वास ठेवणार." आणि फाइलमधून काढून त्याने तो तिच्या हातात दिला.

भांडुपच्या कारखान्यात तिने याआधी पाऊल टाकलं नव्हतं. खोका घेऊन ती तशीच तिथे गेली तेव्हा गेटवाल्याने दवाखान्याकडे बोट दाखवलं. हवेत एक गोडसर, जळका वास होता. तो घरातल्या शर्टांना यायचा, आणि तिने आजवर तो सहदेवचाच वास समजला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकांवर माणसं बाह्या वर करून बसली होती. आत टेबलापाशी कंपाउंडर आणि निरीक्षकाच्या ऑफिसातला एक कारकून होता. तिने कागद पुढे केले. कारकुनाने पत्र वाचलं, प्रोग्रॅमचा कागद उलटसुलट केला, त्यातलं काही कळलं नाही हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "थोडक्यात सांगा, बाई."

"टोकन तेवीसशे सतरा. चिठ्ठीवर दोन किलो तीनशे वाढ आहे. खरं म्हणजे तेवढी घट आहे. तुमच्या रजिस्टरात दोन्ही वजनं असतील, वजा करून बघा. मार्चचीही बघा, तेव्हा सगळ्यांचीच चुकली होती. बाकी आताची यादी बरोबर आहे, एकूण एक."

कंपाउंडरने रजिस्टर काढलं. पान सापडायला वेळ लागला. त्याने कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीने वजाबाकी केली, एकदा, मग पुन्हा. "बरोबर आहे," तो कारकुनाला म्हणाला.

"मग हे एकच कसं चुकलं?" कारकुनाने विचारलं.

"मी बदललं."

"तुम्ही त्याच्या कोण?"

"बहीण."

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं, मग पत्राकडे. त्याने पत्रावर आवक क्रमांक घातला, खाली तिची सही आहे ना ते पाहिलं, आणि यादीच्या शेवटी, जिथे टाइप केलेली टोकनं संपत होती, तिथे शाईने आणखी एक लिहिलं. मग शिपायाला म्हणाला, "भट्टीवरून तेवीसशे सतराला बोलाव."

ती व्हरांड्यात येऊन उभी राहिली. सहदेव आला तो तोंडावरचा फडका गळ्यात ओढत, हातांना राखाडी थर. त्याने तिला पाहिलं, तिच्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं. त्याचा चेहरा उतरला. बाकांवरच्या माणसांनी आतलं बोलणं ऐकलं होतं. दादू म्हणून जो म्हातारा होता तो बहुतेक तोच, कडेला बसलेला; तो थोडा आत सरकला आणि शेजारच्याला कोपराने ढोसलं, शेजारच्याने पलीकडच्याला, अशी बाकावर एक जागा झाली. सहदेव बसला. बाही वर करायला त्याची उजवी बोटं चालेनात, तेव्हा तिने खोका खाली ठेवला, त्याच्यासमोर वाकली आणि बाही दुमडायला लागली. दंड तिच्या मुठीत मावत होता.

"नोकरी?" त्याने विचारलं.

"गेली."

"शपथ घातली होती मी तुला."

"हो."

तो रागावला होता, आणि तो राग पुष्कळ दिवस राहणार होता, हे तिला त्याच्या जबड्यावरून दिसत होतं. आतून कंपाउंडरने एक नंबर पुकारला, एक माणूस उठून गेला, आणि बाकावरचे सगळे एकेक जागा पुढे सरकले. सहदेवही सरकला.